आतून कडी नसलेलं दार

१९७१ साली मी नववीत होते. आमच्या गावच्या बाजारपेठेत एक लायब्ररी होती. लायब्ररी म्हणजे काय, तर शिंप्याच्या दुकानाशेजारची अरुंद खोली, भिंतीला ठोकलेल्या फळ्या आणि खाकी कव्हरं घातलेली पुस्तकं. दिवसाला दहा पैसे. ते दहा पैसे मला माझी आत्या द्यायची आणि एकच अट घालायची, "भुताखेताचं आण हो. रडायचं नको."

आत्या विधवा झाल्यावर माहेरी आली ती आमच्याकडेच राहिली. चौथीपर्यंत शिकलेली होती, वाचायचीही. पण चष्म्याचा नंबर वाढला होता आणि नवा चष्मा मागायचा कोणाकडे, म्हणून ती गप्प होती. हे अर्थात मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा मला वाटायचं, तिला माझं वाचन आवडतं. रात्रीची झाकपाक झाली की ती वाती वळत बसायची आणि मी कंदिलासारख्या पिवळ्या बल्बखाली मोठ्यानं वाचायची. जुना वाडा, बंद खोली, जिन्यावर पावलं. नायिकेचा हात कडीवर पडला, की आत्या म्हणायची, "थांब. आता उद्या."

मी चिडायची. पुढच्या पानावर सगळा उलगडा असायचा! शिवाय उद्याचे दहा पैसे वेगळे. आत्या म्हणायची, "असू दे. आज रात्री मला बघू दे आत काय असेल ते."

मंडळी, माणसं पैसे मोजून भीती का विकत घेतात, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, कारण मी आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी कादंबरी शिकवली. ठरलेलं उत्तर असं, की पांघरुणात बसून वाघ बघायला मिळतो. पुस्तक मिटलं की वाघ गेला. उत्तर चुकीचं नाही. पण आत्या पुस्तक मिटायची ती वाघ जावा म्हणून नव्हे. हे कोडं मला थोडंफार सुटलं ते एम. ए.ला असताना, एका इंग्रज बाईच्या कादंबरीमुळे. तिचीच गोष्ट आज सांगायची आहे.

इंग्रजी भयकथेचा जन्म साधारणपणे १७६४ सालच्या डिसेंबरात धरतात. होरेस वॉलपोल नावाच्या उमरावानं 'द कासल ऑफ ओट्रँटो' ही कादंबरी छापली आणि ती एका जुन्या इटालियन पुस्तकाचं भाषांतर आहे, अशी थाप मारली. सुरुवातीलाच आभाळातून एक अवाढव्य शिरस्त्राण पडतं आणि लग्नाला निघालेला नवरदेव त्याखाली चिरडून मरतो. आज वाचताना हसू येतं. पण याच १७६४च्या जुलैत लंडनमध्ये एका दुकानदाराच्या घरी मुलगी जन्मली होती. अ‍ॅन वॉर्ड तिचं नाव, लग्नानंतर अ‍ॅन रॅडक्लिफ. भीतीचं खरं दुकान तिनं मांडलं.

नवरा वर्तमानपत्रात. रात्री उशिरापर्यंत कचेरीत. मूलबाळ नाही. त्या मोकळ्या संध्याकाळी ही बाई लिहीत बसे. 'द मिस्टरीज ऑफ उडोल्फो' ही तिची चार खंडांची कादंबरी १७९४ साली आली. प्रकाशकानं पाचशे पौंड दिले. कादंबरीकाराला आणि त्यातून बाईला एवढे पैसे, याची तेव्हा चर्चा झाली. पुढच्या 'द इटालियन'ला आठशे मिळाले. गंमत अशी, की उडोल्फोचा किल्ला इटलीतल्या डोंगरात आहे आणि रॅडक्लिफबाईंनी इटली कधी पाहिलीच नाही.

गोष्ट १५८४ सालची. एमिली ही फ्रान्समधली मुलगी पोरकी होते. तिला सांभाळणारी आत्या (हो, इथंही आत्याच!) मोंतोनी नावाच्या इटालियन गृहस्थाशी लग्न करते आणि तो दोघींना उडोल्फोच्या एकाकी किल्ल्यात नेऊन ठेवतो. तिथं एका दालनात काळा पडदा आहे. एमिली एक दिवस धीर करून तो उचलते, आत काहीतरी बघते आणि बेशुद्ध पडते. तिनं काय बघितलं ते लेखिका सांगत नाही! हा प्रसंग दुसऱ्या खंडात आहे आणि उलगडा चौथ्या खंडाच्या शेवटाकडे. मधली कित्येक शे पानं वाचक मनातल्या मनात तो पडदा उचलत राहतो. त्या काळी इंग्लंडातही कादंबऱ्या महाग होत्या आणि वाचनालयातून एकेक खंड घरी न्यायची पद्धत होती. म्हणजे दुसरा खंड परत करून पुढचा हातात येईपर्यंत काय हाल होत असतील, विचार करा.

जेन ऑस्टिननं याची फार गोड थट्टा केली आहे. तिच्या 'नॉर्दँगर अ‍ॅबी'तली कॅथरिन काळ्या पडद्यापर्यंत येऊन थांबलेली असते आणि मैत्रिणीला बजावते की मला सांगू नकोस, पण तो सांगाडाच असणार. कॅथरिन पुढे एका जुन्या वाड्यात पाहुणी म्हणून जाते. रात्री कपाटात तिला कागदांची गुंडाळी सापडते, मेणबत्ती विझते, रात्रभर तिचा डोळा लागत नाही. सकाळी बघते तर कपडे धुण्याची बिलं! भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते हे.

वर्गात हा भाग शिकवताना पोरं खळखळून हसत. मीही हसत असे. पण बिलांपाशी थांबणं म्हणजे अर्धीच कादंबरी वाचणं. घराच्या मालकानं, जनरल टिल्नीनं, बायकोचा खून केला असावा असा कॅथरिनचा संशय असतो. तो खोटा निघतो आणि ती खजील होते. मात्र ती श्रीमंत घरची नाही, हे कळताच तोच जनरल तिला भल्या पहाटे, सोबतीला कोणी न देता, घराबाहेर काढतो. भूत नव्हतंच. घर मात्र भीतीदायक होतं. ऑस्टिनला रॅडक्लिफबाई नीट कळली होती, असं माझं मत आहे.

उडोल्फोचंही तसंच. या बाईच्या कादंबऱ्यांत भुतं शेवटी खोटी ठरतात, ही तिची खासियत. एका झपाटलेल्या खोलीत झोपलेला माणूस सकाळी गायब असतो. पुढे कळतं, त्याला चाच्यांनी उचलून नेलं होतं. काळ्या पडद्यामागे निघतो मेणाचा पुतळा, किडे पडलेल्या प्रेताचा. पुष्कळ वाचक इथं फसवल्यासारखे होतात. मीही झाले होते. पण तो पुतळा तिथं का होता? त्या घराण्यातल्या एका पूर्वजाला धर्मगुरूंनी प्रायश्चित्त म्हणून तो रोज बघायला लावला होता. आणि त्यानं मृत्युपत्रात लिहून ठेवलं, की वंशजांनी हा पुतळा जपायचा, नाहीतर जमिनीचा काही भाग चर्चकडे जाईल. म्हणजे पडदा उचलला तर आत निघाली मृत्युपत्रातली अट!

आणि मोंतोनीला हवं तरी काय असतं? बायकोच्या नावावर फ्रान्समध्ये जमीनजुमला आहे, त्यावर तिची सही. ती देत नाही म्हणून तो तिला बुरुजात कोंडतो. ती तिथं आजारी पडून मरते. मालमत्ता भाचीकडे येते, मग तोच कागद एमिलीपुढे. ती आधी ठाम नकार देते. शेवटी सुटका होईल या आशेनं सही करते आणि सही मिळाल्यावर तो शब्द फिरवतो.

एमिलीच्या खोलीला दोन दारं आहेत. त्यातलं एक अंधाऱ्या जिन्यावर उघडतं. त्याला कडी फक्त बाहेरून. आतून काही नाही. ती दाराला जड खुर्ची लावून झोपायचा प्रयत्न करते. भुतांची सगळी वर्णनं मी विसरेन, पण हे दार विसरणार नाही. पुढे त्याच दारानं एक उमराव तिला पळवून न्यायला येतो. तो हाडामांसाचा असतो.

तेव्हाच्या इंग्लंडात लग्न झालेल्या बाईला कायद्यानं स्वतंत्र अस्तित्व जवळजवळ नव्हतं. तिची चीजवस्तू नवऱ्याची. पैसेवाल्या घरातले वडील करारमदार करून मुलीच्या नावावर काही राखून ठेवत, ते लिहून घेण्यासाठी तिच्यावर दबाव येई. विवाहित स्त्रीला आपल्या मालमत्तेवर पुरता हक्क देणारा कायदा तिथं व्हायला १८८२ साल उजाडलं. उडोल्फो वाचणाऱ्या बायकांना आतून कडी नसलेलं दार इटलीत शोधायची गरज नव्हती.

अशा कादंबऱ्यांनी मुली बिघडतात, अशी ओरड तेव्हाही झालीच. खुद्द लेखिकेलाही त्याची झळ बसली. १७९७नंतर तिनं कादंबरी छापणं थांबवलं आणि अफवा उठली, की स्वतःच्याच भुतांनी बाईला वेड लागलं. ती मात्र नवऱ्याबरोबर इंग्लंडभर हिंडत होती, प्रवासाच्या वह्या लिहीत होती. १८२३ साली ती वारली. नंतर तिच्या चरित्रलेखात डॉक्टरांचं निवेदन घालावं लागलं, की तिची बुद्धी शेवटपर्यंत शाबूत होती.

मृत्यूनंतर, १८२६ साली, तिचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यात तिनं टेरर आणि हॉरर यांत भेद केला आहे. आपल्या भाषेत पहिलीला धास्ती म्हणू. ती मनाला जागं करते, विस्तारते, कारण समोरचं अंधुक असतं. दुसरी भीती सगळं उघडं दाखवते आणि मन गोठवून टाकते. हा परिच्छेद मी प्रथम वाचला तेव्हा मला वाती वळणारी आत्या दिसली. "आज रात्री मला बघू दे."

ही परंपरा आपल्याकडे आली ती थेट रॅडक्लिफबाईंकडून नव्हे, तर पुढच्या पिढीतल्या रेनॉल्ड्सकडून. लंडनच्या रहस्यांच्या त्याच्या कादंबऱ्या एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात धो धो वाचल्या गेल्या. हरिभाऊ आपट्यांची 'मधली स्थिती' (१८८५) रेनॉल्ड्सच्याच आधारानं उभी राहिली आणि मग हरिभाऊ त्याला मागे टाकून आपल्या घरांतल्या विधवांच्या दुःखाकडे वळले. पुढे बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. नारायण धारपांनी मराठी घराच्या ओटीवर अमानवी सावली आणून बसवली आणि रत्नाकर मतकरींनी भीती माणसाच्या मनातच शोधली. समीक्षकांनी या लेखकांना फार काळ ओसरीवरच बसवलं, हे मला अजून खटकतं. लायब्ररीत मात्र त्यांच्याच पुस्तकांची पानं हाताळून मऊ पडलेली असत.

आत्याचे यजमान १९५८ साली गेले. त्याआधी दोनच वर्षं, १९५६ साली, हिंदू वारसा कायदा झाला होता आणि विधवेला तिचा वाटा पूर्ण मालकीनं मिळाला होता. आत्याला कायदा ठाऊक नव्हता, तिच्या दिरांना होता. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ते कागद घेऊन आले. हक्कसोडपत्र. माजघरात तिला बसवलं, दार ओढून घेतलं. "वहिनी, इथं सही करा, बाकी आम्ही बघतो." तिनं केली. पुढच्या महिन्यात ती ट्रंक घेऊन आमच्या दारात उभी होती.

हे तिनं मला सांगितलं ते असंच एका रात्री, पुस्तक मिटल्यावर. कादंबरीतली नायिका दाराशी उभी होती. मी म्हटलं, "आत्या, तुला भीती नाही वाटत?" ती म्हणाली, "भुताची कसली भीती? ते सही मागत नाही." आणि वात वळता वळता तिनं सगळं सांगितलं, दुसऱ्या कोणाची तरी गोष्ट सांगावी तसं. मग म्हणाली, "त्या दिवशी मी एवढंच म्हणायला हवं होतं, की आज नको, उद्या. एक रात्र मागून घ्यायला हवी होती."

माझे वडील २००९ साली गेले. महिन्याभरानं धाकटा भाऊ चहा पिता पिता म्हणाला, "ताई, एक कागद आहे, तेवढी सही कर." माझा भाऊ मोंतोनी नाही. चांगला माणूस आहे. माझ्या मुलांच्या लग्नात राबलेला. वहिनीनं पेनही आणून ठेवलं होतं. मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. "वाचून उद्या सांगते," म्हटलं. तो हसून म्हणाला, "त्यात वाचायचं काय?"

रात्रभर वाचला. साडेतीन पानं होती. दुसऱ्या दिवशी मी सही केली नाही. त्यानंतर दोन वर्षं आमची भाऊबीज झाली नाही. तिसऱ्या वर्षी तो आपणहून आला, सातबाऱ्याचा नवा उतारा घेऊन. त्यावर माझं नाव होतं आणि स्पेलिंग चुकलेलं होतं.