कोबा, परमिट आणि नकली दगड

सिमेंटच्या गोणीवर ‘पोर्टलंड’ हा शब्द आपण सगळ्यांनीच वाचलेला असतो. हे शोध लावणाऱ्याचं नाव नाही. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्टलंड नावाची जागा आहे आणि तिथला फिकट दगड बांधकामात फार मानाचा. जोसेफ ॲस्पडिन नावाच्या लीड्सच्या गवंड्याने १८२४ साली पेटंट घेतलं, तेव्हा आपला माल त्या दगडासारखा दिसतो म्हणून त्याने हे नाव दिलं. म्हणजे बघा, सिमेंटची सुरुवातच मुळी दगडाची नक्कल म्हणून झाली!

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे आमच्या वाशीच्या घराचा पोर्च. सिडकोचं रो-हाऊस, दारापुढे दहा बाय बारा फुटांचा लाल कोबा. एका कोपऱ्यात तो खचलाय आणि मधून तिरकी भेग गेलीये. परवा कॉन्ट्रॅक्टर आला आणि त्याने अल्बमच उघडला. जुन्या कोब्यावर रंगीत सिमेंटचा पातळ थर, त्यावर रबरी साच्यांचे ठसे आणि वरून चकाकणारं सीलर. कडप्पा हवाय? मिळेल. फरसबंदी? तीही. लाकडाच्या फळ्यासुद्धा! "चार दिवसांत काम करून देतो, काका. खरा दगड नाही हे कुणाला कळणार पण नाही."

ॲस्पडिनने ऐकलं असतं तर खूश झाला असता.

आपल्याकडेही ही नक्कल जुनीच आहे. मुंबईच्या इंग्रजी अमदानीतल्या इमारतींसाठी पोरबंदरचा दगड समुद्रमार्गे यायचा, आणि १९१४ साली त्याच पोरबंदरात सिमेंटचा कारखाना सुरू झाला. विलायतेहून येणाऱ्या मिंटनच्या फरशांना उत्तर म्हणून सिमेंटच्या नक्षीदार फरशा देशातच बनवायच्या, या स्वदेशीच्या ईर्ष्येने १९२२ साली भारत फ्लोअरिंग्ज ही कंपनी निघाली. तिचा सुरुवातीचा कारखाना कुठे होता माहितीये? आमच्या शेजारच्या उरणला! तेव्हा ‘डेकोरेटिव्ह’ सिमेंट आज नवं आलंय असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्यावं.

पण आमचा कोबा या नक्षीच्या घराण्यातला नाही. तो टंचाईच्या काळातला.

बाबांनी तो १९८१ साली घालून घेतला. तेव्हा सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. दुकानात जाऊन चार गोण्या आणल्या, असं होत नसे. अर्ज, परमिट, खेटे! सिमेंट इतकं मोलाचं होतं, की त्यावरून राज्याचा मुख्यमंत्री गेला. सिमेंटचं वाटप आणि ट्रस्टला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध असल्याचं मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं आणि जानेवारी १९८२ मध्ये बॅ. अंतुले यांनी राजीनामा दिला. लगेच पुढच्या महिन्यात नियंत्रण अंशतः उठलं. पूर्ण उठायला १९८९ उजाडलं. म्हणजे नवी मुंबईतली सुरुवातीची पुष्कळ घरं या परमिटच्या काळातच उभी राहिली.

अशा दिवसांत पोर्चला साधा कोबा असणं हीसुद्धा मिरवायची गोष्ट होती. गवंडी उकिडवा बसून मागे मागे सरकत लाल ऑक्साइडचा हात देत होता आणि थापीने घोटत होता. मग आठवडाभर आळं करून पाणी साठवलं. आम्हा मुलांना पलीकडे हुसकायचं काम आईकडे. तो कोबा कसलीच नक्कल करत नव्हता. सिमेंट होतं आणि सिमेंटच दिसत होतं.

आता तो खचला का, याचं उत्तर अल्बममध्ये नाही, जमिनीत आहे. वाशीचा बराच भाग म्हणजे खाडीकाठची सखल जमीन, भराव घालून उंच केलेली. घर स्वतःच्या पायावर उभं आहे, पोर्च मात्र मुरमाच्या भरावावर नुसता टेकलाय. वरून दोन हजार मिलीमीटरपेक्षा जास्त पाऊस. भराव बसत गेला, तसा कोबाही बसला. वर कितीही देखणा थर घातला, तरी खालची भेग एखाद-दोन पावसाळ्यांत वर डोकावणारच. शिवाय ते चकाकणारं सीलर ओलं झालं की निसरडं होतं, आणि आई आता ब्याऐंशीची आहे. संध्याकाळचा तिचा मुक्काम पोर्चमध्येच असतो.

म्हणून कॉन्ट्रॅक्टरशी वेगळा करार केलाय. खचलेला भाग फोडायचा, मुरूम भरून धुम्मस करायची, नवं काँक्रीट ओतायचं. उतार गेटकडे. जिथे तडा जायची शक्यता, तिथे आधीच सांधा कापायचा. वरच्या थराला ठसा नको, फक्त लाल रंग आणि हाताला लागेल असा खरखरीतपणा. चाराचे दहा दिवस झाले आणि खर्च जवळजवळ दीडपट. अमेरिकेतल्या धाकट्या भावाने फोनवर विचारलंच, "दादा, एवढे पैसे घालून शेवटी कोबाच?"

हो, कोबाच! नक्कल करायला माझी ना नाही, सिमेंटचा तो कुळाचारच आहे. पण पाय ठेवायच्या जागेचं आधी पोट भरलेलं असावं, मग तोंडाला रंग. तुळशीजवळचा दोन फुटांचा जुना तुकडा मात्र शाबूत आहे. तो तसाच ठेवायचा, असं आईचं फर्मान आहे. परमिटच्या सिमेंटचा आहे तो.