प्राण वाचल्यानंतर



या व्यासपीठावर इतिहास सांगायला विद्वान मंडळी येतात. मी कारखान्याच्या फाटकावर बोलणारा माणूस. शाळा दहावीपाशी सुटली. पुढचे जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, रात्री, सभासद घरी गेल्यावर. वैद्यकाच्या इतिहासाकडे मी हौसेने वळलो नाही. 2021 साली आमचा एक सभासद, लेथवरचा कारागीर, करोनाने रुग्णालयात गेला आणि 43 दिवस श्वासयंत्रावर काढून घरी आला. गल्लीत पेढे वाटले गेले. प्रकृती सुधारल्याने घरी पाठवले, असे त्याच्या कागदावर लिहिलेले होते. तीन महिन्यांनी तो कामावर गेला, तेव्हा चकची चावी फिरवताना त्याचे हात थरथरू लागले. जिना चढताना मध्येच बसावे लागे. व्यवस्थापनाचे म्हणणे असे की, कागद बरा झाल्याचा आहे, तेव्हा हा माणूस अंग चोरतो आहे.

त्याला मी पंचवीस वर्षे ओळखतो. तो अंग चोरणारा नव्हे. कागदही खोटा नव्हता. मग हे काय आहे, ते शोधण्यासाठी मी वाचू लागलो, आणि वाचता वाचता जाऊन पोहोचलो डेन्मार्कच्या राजधानीत, 1952 सालात.

त्या वर्षी कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. शहराच्या ब्लेगडाम रुग्णालयात रोज नवे रुग्ण येत. ज्यांच्या श्वासाचे स्नायूच लुळे पडत ते गुदमरून जात. रुग्णालयापाशी लोखंडी पिंपासारखे श्वासयंत्र एक, आणि छातीला बांधायची कवचे सहा. पहिल्या तीन आठवड्यांत अशा 31 रुग्णांवर उपचार झाले, त्यांतले 27 दगावले. मुख्य वैद्य लासेन हतबल झाले होते. त्यांच्या हाताखालच्या ब्यर्नेबो नावाच्या डॉक्टरांनी सुचवले की, भूल देणाऱ्या इब्सेनला बोलवा. त्या काळी भूल देणारा म्हणजे शल्यविशारदाचा मदतनीस. साथीच्या रोगाच्या विभागात त्याचे काय काम, असेच थोरामोठ्यांना वाटत होते.

ब्यर्न इब्सेन अमेरिकेत बोस्टनला शिकून आले होते. त्यांनी मृतांची प्रेते पाहिली, रक्ताचे आकडे पाहिले. फुप्फुसे तर पुष्कळशी धड होती! विषाणू मेंदूत पसरल्यामुळे माणसे मरत आहेत असा समज होता. इब्सेन म्हणाले, तसे नाही. श्वास अपुरा पडल्यामुळे अंगात कर्बवायू साठतो आणि त्याने माणूस मरतो. शस्त्रक्रियेच्या वेळी आम्ही करतो तसे करा, गळ्याला छिद्र पाडून नळी घाला आणि रबरी पिशवी हाताने दाबून वारा आत ढकला.

27 ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मुलीवर हा प्रयोग झाला. सुरुवात वाईट झाली. नळी घातली तशी मुलगी तडफडू लागली, श्वासनलिका आवळल्या गेल्या, वारा आत जाईना. बघायला जमलेले डॉक्टर एकेक करून निघून गेले. तेव्हा इब्सेननी तिला गुंगीचे औषध टोचले. तिची स्वतःची धडपड थांबली, आणि पिशवीतला वारा आत जाऊ लागला. अंगावर रंग परत आला. गेलेले डॉक्टरही परत आले.

आता खरा प्रश्न उभा राहिला. पिशवी दाबणार कोण? असे यंत्र त्यांच्याजवळ नव्हते. एकेका रुग्णाची पिशवी रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे दाबायची. आणि ऐन भरात अशा रुग्णांची संख्या एका वेळी सत्तरापर्यंत गेली. तेव्हा विद्यापीठातले विद्यार्थी बोलावले गेले. सुमारे 1500 विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हे काम केले. त्यांच्या हातांचे तास मोजले तर 1,65,000 भरतात. शंभरातले सत्त्याऐंशी मरत होते, ते प्रमाण चाळिसाच्या आसपास उतरले. पुढल्याच वर्षी, 1953 मध्ये, इब्सेननी त्याच शहरात आजच्या अतिदक्षता विभागाचा पाया घातला. इतिहासाच्या पुस्तकात इब्सेनचे नाव आहे, आणि ते असायलाच हवे. पण पाळी संपल्यावर ज्याची बोटे वळत नसतील तो पोरगाही त्या पानावर दिसावा, असे माझ्यासारख्या फाटकावरच्या माणसाला वाटल्यावाचून राहत नाही.

ती मुलगी जगली, आणि येथे बहुतेक लेखक कथा संपवतात. तिचे हातपाय मात्र परत आले नाहीत. सात वर्षे तिने रुग्णालयात काढली, 1959 साली ती बाहेर पडली तीही यंत्रासकट, आणि 1971 साली वारली. म्हणजे अतिदक्षतेचा पहिला विजय आणि तिचा पहिला न सुटलेला प्रश्न, दोन्ही एकाच खाटेवर होते.

पुढे यंत्रे आली, विभाग जगभर पसरले. त्यातून रुग्णांची एक नवीच जात निर्माण झाली. हे लोक मरत नाहीत, पण यंत्रावरून सुटतही नाहीत. 1985 साली अमेरिकेतल्या गिरार्ड आणि राफिन या दोघा लेखकांनी त्यांना नाव दिले. आपण त्याला 'दीर्घकालीन गंभीर आजार' म्हणू. लेखाच्या मथळ्यातच त्यांनी विचारले होते की, यांना वाचवावे की जाऊ द्यावे. मला तो प्रश्न घाईचा वाटतो. त्याआधी विचारायला हवे होते की, यांना उठवण्यासाठी आपण काय केले?

यंत्रावरून सोडवण्याला इंग्रजीत जो शब्द आहे तोच तान्ह्या मुलाचे दूध तोडण्याला आहे. आयाबायांना ठाऊक आहे की दूध एका दिवसात तुटत नाही. वापराविना स्नायू किती लवकर झिजतो, हे 2008 च्या एका अभ्यासाने दाखवले. ज्यांचा श्वास पूर्णपणे यंत्राने चालवला होता, त्यांच्या श्वासपटलाचे तंतू 18 ते 69 तासांत निम्म्याहून बारीक झाले होते. एवढ्या तासांत! आमचा गडी 43 दिवस पडून होता.

उठवण्याचे प्रयोग मग सुरू झाले. शिकागोत 2000 साली क्रेस आणि सहकाऱ्यांनी 128 रुग्णांत गुंगीचे औषध रोज काही वेळ बंद करून पाहिले. यंत्रावरचे दिवस 7.3 वरून 4.9 वर आले. 2009 साली 104 रुग्णांपैकी काहींना अगदी पहिल्या दिवसांपासून, नळी असतानाच, बसवले, उभे केले, चालवले. घरी जाताना स्वतःचे स्वतः करू शकणारे त्यांत 59 टक्के निघाले. नेहमीच्या पद्धतीत 35 टक्के. 2013 मध्ये गळ्याला छिद्र असलेल्या, यंत्रावरून न सुटणाऱ्या 316 रुग्णांवरचा निकाल आला. यंत्राचा टेकू हळूहळू कमी करण्यापेक्षा दिवसातले काही तास यंत्र काढूनच ठेवले तर सुटका 19 ऐवजी 15 दिवसांत झाली. मात्र वर्षभरात जगलेल्यांचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच. हिशेबाची दुसरी बाजूही सांगतो. 2022 साली 750 रुग्णांच्या मोठ्या चाचणीत, नेहमीपेक्षा अधिक जोराने चालवून फायदा दिसला नाही, उलट अपाय वाढले. उठवायचे, पण माणूस बघून.

पण मला हवे होते ते सापडले टोरांटोत. मार्गारेट हेरिज या डॉक्टरबाईंनी फुप्फुसे निकामी होऊन वाचलेल्या 109 माणसांचा घरी गेल्यावरही पाठपुरावा केला. 2003 साली त्यांनी लिहिले की, वर्षाअखेर फुप्फुसे जवळजवळ पूर्ववत होतात, पण स्नायू होत नाहीत. वर्षानंतर कामावर परतलेले जेमतेम निम्मे होते. पाच वर्षांनीही सहा मिनिटांत ही माणसे 436 मीटर चालत, म्हणजे अपेक्षेच्या तीनचतुर्थांश. ही सरासरी पंचेचाळिशीची, म्हणजे ऐन कमावत्या वयाची माणसे.

आमच्या कामगार राज्य विमा योजनेत आजारपणाचा भत्ता वर्षातून 91 दिवस मिळतो. काही दीर्घ रोगांना मुदत वाढवून मिळते. पण ती यादी रोगांच्या नावांची आहे, आणि त्याच्या कागदावरून रोगाचे नाव तर गेलेले होते. उरले होते फक्त हातपाय. त्र्याण्णवाव्या दिवशी घरात काय शिजते, हे त्याच्या बायकोला विचारावे.

टोरांटोचे आकडे मी मराठीत उतरवून काढले आणि व्यवस्थापकांपुढे ठेवले. पहिल्या बैठकीत त्यांनी कागद बाजूला सारला. तिसऱ्या बैठकीत त्यांच्या डॉक्टरांनी तो घरी नेला. शेवटी त्याला पूर्ण पगारावर हत्यारे देण्याच्या खिडकीवर बसवायचे ठरले. चौदाव्या महिन्यात तो पुन्हा लेथपाशी उभा राहिला. जेवणाच्या सुट्टीची घंटा झाली की अजून तो आधी स्टूल शोधतो, मग डबा.