वरच्या जबड्याच्या आंशिक कवळीतील मुख्य जोडपट्टी : रचनेचा इतिहास आणि नांदेड-लातूर परिसर

प्रस्तावना :

दंतवैद्यकाचा इतिहास बहुधा शोध, संशोधक आणि सनावळी यांच्या क्रमाने लिहिला जातो. एक पदार्थ मागे पडला आणि त्याची जागा दुसऱ्या, अधिक चांगल्या पदार्थाने घेतली, असा त्या मांडणीचा सूर असतो. प्रत्यक्षात एखाद्या प्रदेशातील रुग्णांच्या तोंडात जे घडते ते याच क्रमाने घडते असे नाही. पाठ्यग्रंथातील इतिहास आणि रुग्णाच्या टाळूवरील इतिहास यांत अनेक दशकांचे अंतर असू शकते. हे अंतर का पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात नांदेड व लातूर या जिल्ह्यांच्या संदर्भात केला आहे. त्यासाठी आंशिक कवळीचा एकच घटक निवडला आहे.

काही दात शिल्लक असताना, गेलेल्या दातांच्या जागी बसविल्या जाणाऱ्या व काढता-घालता येणाऱ्या कवळीस आंशिक कवळी म्हणतात. तिची डावी व उजवी बाजू एकमेकींशी जोडणाऱ्या भागाला दंतवैद्यकात मेजर कनेक्टर ही संज्ञा आहे. येथे त्यासाठी 'मुख्य जोडपट्टी' हा शब्द योजला आहे. खालच्या जबड्यात जिभेमुळे या पट्टीला फार थोडी जागा मिळते. वरच्या जबड्यात मात्र टाळूचे विस्तीर्ण क्षेत्र उपलब्ध असते. त्यामुळे पट्टी कोठून न्यावी, किती रुंद ठेवावी आणि किती टाळू मोकळा सोडावा, हे प्रश्न प्रामुख्याने वरच्या जबड्याच्या बाबतीत उपस्थित होतात.

रचनेची तत्त्वे :

मुख्य जोडपट्टीचा पहिला गुण म्हणजे ताठपणा. पट्टी लवली तर चावण्याचा भार सर्व आधारांवर सारखा वाटला जात नाही. तो एखाद्या दातावर किंवा हिरडीच्या एखाद्या भागावर एकवटतो आणि कालांतराने तो दात हलू लागतो. दुसरा गुण म्हणजे हिरडीपासूनचे अंतर. वरच्या जबड्यात पट्टीची कड दातांलगतच्या हिरडीपासून किमान ६ मि.मी. दूर असावी, असा संकेत आहे. पट्टीने टाळूची मध्यरेषा काटकोनात ओलांडावी, पुढची कड टाळूवरील वळ्यांच्या खाचेत विसावावी म्हणजे ती जिभेला खुपत नाही, आणि मागची कड कठीण टाळूवरच थांबावी, हेही नियम रूढ आहेत.

या तत्त्वांतून अनेक प्रकार निर्माण झाले. गेलेल्या दातांच्या मागे-पुढे भक्कम दात असतील तर टाळूच्या मध्यभागी सुमारे ८ मि.मी. वा त्याहून रुंद अशी एकच पातळ पट्टी पुरते. पुढील व मागील अशा दोन पट्ट्यांची चौकट अधिक ताठ असते. थोडेच दात उरले असतील, तर टाळूचा मोठा भाग झाकणारी पाटी वापरून आधाराचे क्षेत्र वाढविले जाते. घोड्याच्या नालेसारखी पट्टी मागील बाजूस मोकळी असल्याने लवते. म्हणून टाळूच्या मध्यावर हाडाचा मोठा उंचवटा असेल, तर अन्य उपाय नसतानाच ती योजावी, असे सांगितले जाते.

पदार्थांचा प्रवास :

वरील नियम आज स्वयंसिद्ध वाटत असले, तरी ते पाळता येण्याजोगा पदार्थ उपलब्ध होईपर्यंत त्यांना व्यावहारिक अर्थ नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हल्कनाइट हे कठीण केलेले रबर कवळीसाठी वापरात आले. नेल्सन गुडइयर याने १८५१ मध्ये या कठीण रबराचे पेटंट घेतले होते. ते स्वस्त होते, पण त्याची पाटी जाड करावी लागे व टाळू बराचसा झाकला जाई.

१९०७ मध्ये विल्यम टॅगार्ट यांनी मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओतण्याची पद्धत दंतवैद्यकात आणली. कलेच्या क्षेत्रात हे तंत्र प्राचीनच. भारतातील धातुमूर्ती त्याच रीतीने घडल्या. १९२० च्या दशकात पोल्क एकर्स यांनी एकसंध ओतीव आंशिक कवळीचा पुरस्कार केला आणि एडवर्ड केनेडी यांनी अंशतः दंतहीन जबड्यांचे चार वर्गांतील वर्गीकरण मांडले. आजही दंतविद्यार्थी तेच वर्गीकरण प्रथम शिकतो. पुढे १९३० च्या दशकात कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातू प्रचारात आला. सोन्याहून हलका, स्वस्त आणि अधिक ताठ असा हा धातू मिळाल्यामुळे एक मिलिमीटरहून कमी जाडीची, तरीही न लवणारी पट्टी शक्य झाली.

मात्र त्याच दशकाच्या उत्तरार्धात, १९३६-३७ च्या सुमारास, ॲक्रिलिक हा पदार्थही कवळीसाठी वापरात आला. गुलाबी रंग, सोपी कृती, अल्प खर्च व सुलभ दुरुस्ती यांमुळे त्याने व्हल्कनाइटला मागे टाकले. म्हणजे ताठ धातू आणि स्वस्त ॲक्रिलिक हे दोन मार्ग जवळजवळ एकाच वेळी खुले झाले. पाठ्यग्रंथांनी पहिला मार्ग आदर्श मानला. व्यवहारात बहुसंख्य रुग्णांच्या वाट्याला दुसरा आला.

मराठवाड्यातील पार्श्वभूमी :

भारतात आधुनिक दंतशिक्षणाचा आरंभ डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्ता येथे केला. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झाले. २९ मार्च १९४८ रोजी दंतवैद्य कायदा अस्तित्वात आला आणि १९४९ मध्ये भारतीय दंत परिषद स्थापन झाली. या कायद्याने पदवीधर दंतवैद्यांची नोंद 'अ' भागात, तर पदवी नसताना किमान पाच वर्षे हाच व्यवसाय करणाऱ्यांची नोंद 'ब' भागात करण्याची सोय केली. कवळी घडविणाऱ्या दंततंत्रज्ञांच्या नोंदणीचीही त्यात तरतूद होती.

हा कायदा झाला त्या दिवशी नांदेड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील जिल्हा होता आणि लातूर हा त्याच संस्थानातील उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हा प्रदेश मुक्त झाला, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. लातूर स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. त्याच वर्षी औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे शासकीय दंत महाविद्यालय सुरू झाले. नायर महाविद्यालयाशी तुलना करता हे अंतर जवळजवळ अर्धशतकाचे आहे. त्यानंतर लातूर येथे आणि नांदेडनजीक विष्णुपुरी परिसरात खाजगी दंत महाविद्यालये उभी राहिली.

या कालक्रमाला रचनेच्या दृष्टीने महत्त्व आहे. ॲक्रिलिकच्या कवळीस साचा, गरम पाणी आणि एक कुशल हात पुरतो. कोबाल्ट-क्रोमियमची चौकट ओतण्यासाठी मात्र सुमारे १३०० ते १४०० अंश सेल्सिअस तापमान, ते सहन करणारा साच्याचा मसाला, ओतकामाचे यंत्र आणि दातांचे उतार मोजणारे सर्वेक्षक उपकरण लागते. त्यापूर्वी दंतवैद्याने रुग्णाच्या दातांवर आधाराच्या खाचा कोरणे व आराखडा काढून देणेही आवश्यक असते. अशी यंत्रणा शिक्षणसंस्थांच्या व मोठ्या प्रयोगशाळांच्या आश्रयाने वाढते. जेथे शिक्षणसंस्था उशिरा आल्या, तेथे धातूची पट्टी उशिरा यावी हे स्वाभाविकच होय. शिवाय पावसावर अवलंबून असलेल्या शेतकरी कुटुंबात दात बसविण्याचा खर्च हा नेहमीच पुढे ढकलता येणारा खर्च ठरतो.

ॲक्रिलिक पाटीचे गुणदोष :

ॲक्रिलिक लवचिक व ठिसूळ असल्याने ते सुमारे २ मि.मी. जाड ठेवावे लागते आणि पाटी दातांच्या मानेपर्यंत न्यावी लागते. म्हणजे हिरडीपासूनच्या अंतराचा नियम सुरुवातीसच मोडतो. दातांवर टेकणारा आधार नसेल, तर अशी कवळी प्रत्येक घासागणिक टाळूत दबते व कडेची हिरडी खरवडते. उष्णता वाहून न नेल्यामुळे गरम भाकरीची ऊबही टाळूला जाणवत नाही.

तरीही तिची उपेक्षा करणे इतिहासाला धरून होणार नाही. दुसरा दात पडल्यास तो तिच्यात जोडता येतो, ती मोडल्यास अल्प खर्चात सांधता येते आणि वरच्या जबड्यात टाळूचा रुंद आधार मिळत असल्याने ती खालच्यापेक्षा बरी टिकते. दोष पदार्थाचा जितका, तितकाच तात्पुरती म्हणून दिलेली कवळी कायमची होऊन बसण्याचा आहे.

२०२१ : प्रश्नाचे नवे गांभीर्य :

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे हजारो रुग्ण आढळले. मराठवाडाही त्यास अपवाद नव्हता. अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडचा वापर ही त्यामागील प्रमुख कारणे होती. ही बुरशी रक्तवाहिन्या बंद करते व हाड मृत होते. अनेकांच्या वरच्या जबड्याचा काही भाग शस्त्रक्रियेने काढावा लागला. शासनाने या आजाराचे उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत समाविष्ट केले. तथापि रुग्णाचे पुनर्वसन शस्त्रक्रियेने संपत नाही. तोंड व नाक यांत भगदाड राहिल्याने प्यालेले पाणी नाकातून येते, बोलणे अनुनासिक होते.

हे भगदाड बंद करणाऱ्या कवळीस ऑब्च्युरेटर म्हणतात. तिची कल्पना सोळाव्या शतकातील फ्रेंच शल्यविशारद आंब्रोआज पारे यांच्यापर्यंत मागे जाते, तर अशा जबड्यांचे सहा वर्गांतील वर्गीकरण मोहम्मद अरामनी यांनी १९७८ मध्ये मांडले. येथे एका बाजूस हाडाचा आधारच नसतो. संपूर्ण भार उरलेल्या अर्ध्या जबड्यावर पडतो. म्हणून मुख्य जोडपट्टी ताठ व शक्य तितकी विस्तृत असणे आणि भगदाडात जाणारा भाग पोकळ करून हलका ठेवणे अत्यावश्यक ठरते. लवणारी पाटी येथे उरलेले दातही घालवते.

निष्कर्ष :

१. मुख्य जोडपट्टीची तत्त्वे ओतीव धातूच्या तंत्रासोबत विकसित झाली. तंत्राविना केवळ तत्त्व शिकविणे अपुरे ठरते.

२. धातू व ॲक्रिलिक हे इतिहासातील एकामागून एक आलेले टप्पे नसून समांतर मार्ग आहेत. रुग्ण कोणत्या मार्गावर जाईल हे ज्ञानाइतकेच संस्था, प्रयोगशाळा आणि ऐपत यांवर ठरते.

३. नांदेड-लातूर परिसरास दंतशिक्षण उशिरा लाभले. त्यामुळे येथील दंतोपचाराचा इतिहास मुंबई-कलकत्त्याच्या सनावळीने मोजता येणार नाही.

४. जिल्हा पातळीवर ओतकामाची प्रयोगशाळा व प्रशिक्षित दंततंत्रज्ञ असणे ही चैन नव्हे. २०२१ मध्ये जबडा गमावलेल्या रुग्णास पुन्हा जेवता व बोलता येणे यावरच अवलंबून आहे.

२०२३ मध्ये संसदेने १९४८ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी राष्ट्रीय दंत आयोग कायदा संमत केला. नव्या व्यवस्थेचे मूल्यमापन करताना पदव्यांच्या संख्येबरोबर, ग्रामीण रुग्णाच्या टाळूवर कोणती पट्टी बसते, हा निकषही विचारात घेतला जावा.