सावकारी पाश

कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा १९२५ मधील सामाजिक मूकपट. दिग्दर्शक बाबूराव पेंटर (१८९०–१९५४). कथा नारायण हरी आपटे यांची असून व्ही. शांताराम, झुंझारराव पवार व कमलादेवी यांनी त्यात भूमिका केल्या. भारतीय चित्रपटातील वास्तववादाचा आरंभ सामान्यतः या मूकपटापासून मानला जातो.

लोभी सावकाराच्या कचाट्यात सापडलेला तरुण शेतकरी (शांताराम) जमीन गमावतो आणि शहरात जाऊन गिरणीकामगार होतो, एवढेच कथासूत्र. त्यामागे मोठा इतिहास होता. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी उठाव करून सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्यानंतर १८७९ च्या कायद्याने रोख्यामागील खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. निरक्षर कुळाच्या अंगठ्यावर उभा केलेला कागद हा एक प्रकारचा आळच होता. तो खोटा ठरविणे कुळाच्या आवाक्याबाहेरचे असे.

आळ आलेल्या निरपराध्याला देवालयाचा आश्रय मिळणे हा मूकपटांचा आवडता विषय. अमेरिकेत १९२३ साली निघालेल्या ‘द हंचबॅक ऑफ नोत्र दाम’ मधील एस्मेराल्डेवर प्राणघातक हल्ल्याचा खोटा आळ येतो व तिला चर्चमध्ये अभय मिळते. पेंटरांनीही १९२२ मध्ये ‘भगवद्भक्त दामाजी’ हा मूकपट काढला होता. दुष्काळात सरकारी धान्य वाटल्याबद्दल बेदरच्या दरबारी अपराधी ठरलेल्या दामाजीपंतांसाठी विठ्ठल विठू महाराच्या रूपाने रक्कम भरतो व पावती घेतो, अशी ती संतकथा. ‘सावकारी पाश’ मधील कुळासाठी पावती घेऊन कोणीही येत नाही. त्याच्यापुढे दार उघडते ते गिरणीचे. पेंटरांचे धैर्य या बदलात दिसते, तंत्रातील करामतींत तितकेसे नाही.

अंधूक प्रकाशातील उदास झोपडी आणि तिच्याजवळ रडणारे कुत्रे हे दृश्य विशेष गाजले. (मूकपटात ते रडणे ऐकू येणार नव्हते, केवळ दिसणार होते!) पौराणिक वैभवाला सरावलेल्या प्रेक्षकांनी मात्र चित्रपटाचे थंडपणे स्वागत केले आणि पेंटर पुन्हा पोषाखी चित्रपटांकडे वळले. तरीही विषय त्यांनी सोडला नाही. १९३६ मध्ये त्यांनी याच नावाचा बोलपट काढला. मूळ मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही.