कंपवाताची कहाणी

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टराने १८१७ साली कंपवातावर निबंध लिहिला तो अवघ्या सहा रुग्णांवरून. आणि त्यांतले काही तर त्याला रस्त्यातच दिसलेले! हात विसावला की कापतो, कामाला लागला की कंप ओसरतो. अंग पुढे झुकते आणि चालता चालता पावले धावू लागतात, हे त्याने अचूक टिपले. उपाय मात्र सुचवला मानेपाशी रक्त काढण्याचा! रोगाला त्याचे नाव पुढे पॅरिसच्या शार्कोने दिले.

मेंदूत डोपामिन हे द्रव्य कमी पडते, हे व्हिएन्नात उघड झाले १९६० साली. डोपामिन स्वतः रक्तातून मेंदूत शिरत नाही. त्याचे पूर्वद्रव्य डोपा शिरते. १९६७ साली अमेरिकेत कोट्झियासने ते हळूहळू वाढवत मोठ्या मात्रेने दिले, आणि जखडलेली माणसे हिंडूफिरू लागली. गंमत अशी की, आपल्या रानातल्या खाजकुहिलीच्या बियांतून दामोदरन व रामस्वामी यांनी हेच द्रव्य १९३७ सालीच वेगळे काढले होते.

तरी पेशींची झीज या औषधाने थांबत नाही. काही वर्षांनी गुण लवकर ओसरू लागतो, कित्येकांचे अंग आपोआप वेडेवाकडे हलते, आणि डॉक्टरला मात्रेचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.