तळटीप : रोझ साइडलर हाउस

सिडनीच्या वहरूंगा उपनगरातील हे वारसा-सूचीबद्ध घर व्हिएन्नात जन्मलेले वास्तुविशारद हॅरी साइडलर यांनी १९४८ ते १९५० या काळात आपल्या आईवडिलांसाठी उभारले. हार्वर्डमध्ये ग्रोपियस यांच्याकडे शिकलेल्या व न्यूयॉर्कमध्ये मार्सेल ब्रॉयर यांच्या हाताखाली काम केलेल्या साइडलर यांनी येथे द्विकेंद्री मांडणी, म्हणजे दिवसाचा वावर आणि शयनकक्ष यांना दोन स्वतंत्र भाग देणारी रचना, योजली. सपाट छपराचा हा काचमय चौकोन बारीक पोलादी खांबांवर आणि वालुकाश्माच्या भिंतींवर तोललेला असून, मधल्या उघड्या गच्चीवरील रंगीत भित्तिचित्रही साइडलर यांनीच रंगवले. विटांच्या व उतरत्या कौलांच्या घरांची सवय असलेल्या उपनगरात असे धाडस करणे ही लहान गोष्ट नव्हती, आणि १९५१ च्या सुलमन पदकाने त्याला रास्त दाद मिळाली.