नॉटिंगहॅम पँथर्स

इंग्लंडच्या ईस्ट मिडलंड्स भागातील नॉटिंगहॅम या शहराचा व्यावसायिक आइस हॉकी संघ. संघाची प्रत्यक्ष सुरुवात १९४६ साली झाली. १९६० ते १९८० या वीस वर्षांत तो अस्तित्वात नव्हता. १९८० पासून मात्र तो अखंड खेळत आहे. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंड या चारही प्रदेशांतील दहा संघांच्या एलिट आइस हॉकी लीग या ब्रिटनमधील सर्वोच्च स्पर्धेचा तो संस्थापक-सदस्य असून त्याच्या पोशाखाचे रंग काळा व सोनेरी आहेत.

आइस हॉकी हा मैदानी हॉकीशी नावापुरते नाते असलेला, परंतु गती, साधने व नियम या सर्वच बाबतींत निराळा खेळ आहे. चहूबाजूंनी कठड्याने बंदिस्त केलेल्या बर्फाच्या पृष्ठभागावर, म्हणजे रिंकवर, प्रत्येक संघाचे गोलरक्षकासह सहा खेळाडू धारदार पात्यांचे बूट घालून घसरत फिरतात आणि चेंडूऐवजी कठीण रबराची चपटी चकती, म्हणजे पक, काठीने प्रतिस्पर्ध्याच्या जाळ्यात धाडतात. सामन्याचे प्रत्येकी वीस मिनिटांचे तीन भाग असतात. खेळ चालू असतानाच खेळाडू बदलता येतात आणि अंगावर धडक देऊन पक हिसकावणे नियमात बसते. ब्रिटनमध्ये नैसर्गिक बर्फावर भरवशाने खेळता येईल असा हिवाळा सहसा पडत नाही, त्यामुळे तेथे हा खेळ यंत्राने गोठवलेल्या बंदिस्त रिंकवरच वाढला, आणि रिंकचा मालक हाच बराच काळ खेळाचाही धनी राहिला. तेथील संघांच्या उदयास्ताची कारणे म्हणूनच खेळाडूंच्या कर्तृत्वाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, इमारतींच्या हिशेबात शोधावी लागतात. पँथर्सचा इतिहास हे त्याचे चांगले उदाहरण होय.

ब्रिटनच्या संघाने १९३६ च्या गार्मिश-पार्टेनकिर्शन येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवले तेव्हा या खेळाला तेथे मोठी लोकप्रियता लाभली होती. मात्र त्या विजयी संघातील बहुतेक खेळाडू जन्माने ब्रिटिश असले तरी खेळ शिकले होते कॅनडात, ही गोष्ट पुढील काळाच्या दृष्टीने सूचक ठरली. या लाटेच्या अखेरीस, १९३९ मध्ये, नॉटिंगहॅमच्या लोअर पार्लमेंट स्ट्रीटवर आइस स्टेडियम उभे राहिले. तेथे खेळण्यासाठी कॅनडातून खेळाडू आणून पँथर्स या नावाचा संघ बांधण्याचे ठरले होते, पण दुसरे महायुद्ध सुरू झाल्याने एकही सामना न होता तो बेत बारगळला. नाव तेवढे उरले, आणि युद्ध संपल्यावर नोव्हेंबर १९४६ मध्ये त्याच नावाने नवा संघ इंग्लिश नॅशनल लीगमध्ये उतरला.

हा पहिला संघ नॉटिंगहॅमचा असला तरी त्यातील खेळाडू जवळजवळ सर्व कॅनेडियन होते. त्या काळच्या इंग्लिश संघांची हीच रीत होती : हंगामाच्या आरंभी खेळाडू समुद्रमार्गे यायचे, रिंकच्या पगारावर हिवाळाभर खेळायचे आणि हंगाम संपला की बहुतेक जण परत जायचे. उत्तर अमेरिकेतील अव्वल दर्जाच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये तेव्हा अवघे सहा संघ असल्याने चांगल्या खेळाडूंनाही तेथे जागा मिळणे दुरापास्त होते, आणि ब्रिटनला त्याचा आयता लाभ झाला. विनिपेग शहरातून १९४७ मध्ये आलेला व्हिक्टर झॅमिक हा अशांपैकीच एक. ‘चिक’ या टोपणनावाने ओळखला जाणारा हा आघाडीचा खेळाडू अंगकाठीने लहान, परंतु पकवरील ताबा व गोलसमोरील चपळाई यांत असाधारण होता. इतर खेळाडू एकदोन हंगामांत परतत असताना तो १९५८ पर्यंत नॉटिंगहॅममध्ये राहिला आणि या अकरा हंगामांत त्याने ७७८ गोल केले. गोल व गोलला साहाय्य करणारे पास मिळून खेळाडूच्या खात्यावर जे गुण मांडले जातात ते त्याच्या नावावर १,४२३ आहेत. फुटबॉलचे दोन जुने क्लब आणि ट्रेंट ब्रिजचे क्रिकेट मैदान असलेल्या या शहरात एका परक्या खेळाला स्थानिक आपलेपणा मिळवून दिला तो मुख्यतः झॅमिकने. संघाने १९५०–५१ व १९५३–५४ या हंगामांत इंग्लिश नॅशनल लीग जिंकली. इंग्लिश व स्कॉटिश लीग एकत्र करून १९५४ मध्ये ब्रिटिश नॅशनल लीग सुरू झाली, तिचे १९५५–५६ चे अजिंक्यपदही पँथर्सकडे आले.

एकत्रीकरणाचा हा प्रयोग मुळात अडचणीतून निघालेला होता. कॅनेडियन खेळाडूंचे पगार व लांबच्या प्रवासाचे खर्च वाढत होते, दूरचित्रवाणीमुळे प्रेक्षक घरीच बसू लागले होते, आणि रिंकच्या मालकांना सामन्यांपेक्षा सर्वसाधारण लोकांना तासाच्या दराने स्केटिंग करू देणे अधिक किफायतशीर वाटू लागले होते. एकेक रिंक खेळातून बाहेर पडली आणि १९६० मध्ये लीगच कोसळली. पँथर्सचा संघही त्याच वर्षी विसर्जित झाला. आइस स्टेडियम मात्र चालूच राहिले. हॉकीला तेथे थारा नव्हता एवढेच. जेन टॉर्व्हिल व ख्रिस्तोफर डीन ही आइस डान्सिंगची जोडी याच बर्फावर घडली आणि १९८४ च्या सारायेव्हो ऑलिंपिकमध्ये राव्हेलच्या ‘बोलेरो’ या संगीतरचनेवर नृत्य करून सुवर्णपदक घेऊन आली. नॉटिंगहॅमचे नाव बर्फाशी जगभर जोडले गेले ते हॉकीमुळे नव्हे, या दोघांमुळे, हे नमूद केले पाहिजे.

पँथर्सचे पुनरुज्जीवन १९८० मध्ये झाले, तेही काहीशा आडवाटेने. शेजारच्या शेफील्ड शहरातील शेफील्ड लान्सर्स हा हौशी संघ आपला मुक्काम हलवून नॉटिंगहॅमला आला, त्याने पँथर्स हे जुने नाव घेतले आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरात सॉलिहल बॅरन्स या संघाला हरवून नव्या पर्वाचा पहिला सामना जिंकला. पुढे शेफील्ड स्टीलर्स हा संघ (स्थापना १९९१) पँथर्सचा कट्टर प्रतिस्पर्धी बनला आणि या दोघांची लढत ब्रिटिश आइस हॉकीतील सर्वांत तापलेली लढत मानली जाऊ लागली. नॉटिंगहॅमचा संघ स्वतःच शेफील्डहून आलेला आहे, ही आठवण त्या शहरातील पाठीराखे सहसा काढत नाहीत.

नव्या संघाचे स्वरूप १९४६ च्या संघापेक्षा अगदी वेगळे होते. खेळाडू बहुतांशी स्थानिक असून ते दिवसा नोकरीधंदा सांभाळत आणि संध्याकाळी सराव करीत. एका बिअर-उत्पादकाच्या पुरस्कारामुळे हाइनिकेन लीग या नावाने ओळखल्या गेलेल्या ब्रिटिश लीगमध्ये १९८० च्या दशकात प्रत्येक संघाला तीनच परदेशी खेळाडू खेळवता येत. परिणामी त्या तिघांवर, मुख्यतः कॅनेडियनांवर, गोलांची सारी भिस्त असे आणि आकडे दोन अंकी गाठणारे सामनेही सर्रास होत. लीगच्या अखेरीस वरच्या संघांमध्ये बाद पद्धतीने होणाऱ्या सामन्यांना प्लेऑफ म्हणतात. ब्रिटिश अजिंक्यपद या प्लेऑफच्या विजेत्याला दिले जात असल्याने लंडनमधील वेम्ब्लीला भरणारा त्याचा अंतिम सप्ताहान्त हा खेळाच्या चाहत्यांचा वार्षिक मेळावाच बनला. पँथर्सने १९८६ मध्ये ऑटम कप या हंगामाच्या आरंभी होणाऱ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात स्कॉटलंडच्या फाइफ फ्लायर्सवर जादा वेळेत ५–४ अशी मात केली. त्यानंतर प्रशिक्षक अॅलेक्स डॅम्पियर यांच्या हाताखाली त्यांनी १९८९ मध्ये वेम्ब्लीला एअर ब्रुइन्सचा ६–३ असा पराभव करून अजिंक्यपद मिळवले. याच सुमारास दाखल झालेला पॉल एडी हा कॅनडात वाढलेला आघाडीवीर पुढे ब्रिटनच्या राष्ट्रीय संघातून खेळला आणि नंतर पँथर्सचा प्रशिक्षकही झाला. झॅमिकच्या नंतर संघाचा आधारस्तंभ म्हणून त्याचेच नाव घेतले जाते.

मोठी सभागृहे आणि पूर्णवेळ पगारी खेळाडू या पायावर १९९६ मध्ये आइस हॉकी सुपरलीग स्थापन झाली. तिने परदेशी खेळाडूंवरील संख्येची मर्यादा काढून टाकली आणि तिच्या जागी एकूण वेतनखर्चावर मर्यादा ठेवली. त्यामुळे खेळाचा दर्जा उंचावला खरा, पण ब्रिटिश खेळाडू बाकावर आणि बरेचदा संघाबाहेर गेले. एका अर्थी १९५० च्या दशकातील स्थिती नव्या झगमगाटासह परतली. पँथर्सने १९९६ व १९९८ चे ऑटम कप जिंकले, मात्र १९९६ व १९९७ या लागोपाठच्या प्लेऑफ अंतिम सामन्यांत त्यांना शेफील्डने हरवले. या काळात त्यांची खरी अडचण मैदानाबाहेर होती. मँचेस्टर, शेफील्ड व न्यूकॅसल येथील संघ नव्या प्रचंड सभागृहांत खेळत असताना नॉटिंगहॅमचे सामने १९३९ च्या आइस स्टेडियममध्येच होत, आणि तेथे जेमतेम तीन हजारांच्या आसपास प्रेक्षक मावत. जागा कमी, म्हणून तिकिटांचे उत्पन्न कमी, आणि म्हणून चांगले खेळाडू शेफील्डला, असे ते चक्र होते. छोटी इमारत वाचवणारीही ठरली, असे मात्र मागे वळून म्हणता येते, कारण मोठ्या सभागृहांची भाडी व रिकाम्या खुर्च्या यांनीच पुढे मँचेस्टर स्टॉर्मसारखे संघ बुडाले.

नॅशनल लॉटरीच्या निधीचे साहाय्य घेऊन जुन्या स्टेडियमच्या जागी व शेजारी नॅशनल आइस सेंटर उभारण्यात आले. त्याचे उद्घाटन १ एप्रिल २००० रोजी जेन टॉर्व्हिल यांच्या हस्ते झाले आणि समोरच्या चौकाला बोलेरो स्क्वेअर हे नाव मिळाले. ६० मीटर लांब व ३० मीटर रुंद अशा ऑलिंपिक मापाच्या दोन रिंक एकाच छपराखाली असल्याने मुख्य सभागृहात सामना वा गाण्याचा कार्यक्रम चालू असतानाही दुसऱ्या रिंकवर सराव व लोकांचे स्केटिंग सुरू ठेवता येते. १९६० मध्ये ज्या पेचात संघाचा बळी गेला होता, त्याला स्थापत्यानेच असे उत्तर दिले. हॉकीच्या सामन्याला सुमारे साडेसात हजार प्रेक्षक बसू शकतात अशा या सभागृहामुळे पँथर्सचे अर्थकारण बदलले, आणि २००३ मध्ये सुपरलीग दिवाळखोर सदस्यांच्या ओझ्याखाली बंद पडून तिच्या जागी एलिट लीग आली तेव्हा नॉटिंगहॅमचा संघ भक्कम पायावर उभा होता.

नव्या लीगमध्ये पँथर्सने पहिल्याच हंगामात, २००३–०४ मध्ये, शेफील्डला नमवून चॅलेंज कप ही बाद पद्धतीची स्पर्धा जिंकली. २००७ मध्ये कार्डिफ डेव्हिल्सविरुद्धचा प्लेऑफचा अंतिम सामना जादा वेळेनंतरही बरोबरीत राहिला. अशा वेळी प्रत्येक खेळाडूने एकट्याने गोलरक्षकावर चाल करून जाण्याची पेनल्टी शॉट ही पद्धत वापरतात, आणि तीत पँथर्स सरस ठरले. अठरा वर्षांनी आलेले हे अजिंक्यपद होते. कॅनडाचा बचावपटू कोरी नीलसन २००८ मध्ये खेळाडू-प्रशिक्षक झाला आणि त्याच्या दहा वर्षांच्या कारकीर्दीत संघाने १९५० च्या दशकापेक्षाही मोठे यश पाहिले. चॅलेंज कप २०१० ते २०१४ असा सलग पाच वेळा आणि प्लेऑफ २०११ ते २०१३ असा सलग तीन वेळा पँथर्सकडे राहिला. लीगचे अजिंक्यपद तेवढे हुलकावणी देत होते, ते २०१२–१३ मध्ये तब्बल ५७ वर्षांनी परत आले. त्याच हंगामातील प्लेऑफच्या अंतिम सामन्यात पीटरबरोत जन्मलेल्या डेव्हिड क्लार्कने बेलफास्ट जायंट्सविरुद्ध जादा वेळेत निर्णायक गोल केला, आणि लीग, चॅलेंज कप व प्लेऑफ ही तिन्ही विजेतेपदे एकाच वर्षी जिंकण्याचा मान संघाला मिळाला. परदेशी खेळाडूंच्या जिवावर उभ्या राहिलेल्या क्लबच्या सर्वोच्च क्षणी गोल एका इंग्लिश खेळाडूच्या काठीतून यावा, यात चाहत्यांना विशेष समाधान वाटले तर नवल नाही.

ब्रिटिश आइस हॉकीला युरोपात तोवर फारसे कोणी गांभीर्याने घेत नसे. ती समजूत जानेवारी २०१७ मध्ये बदलली. मध्यम दर्जाच्या देशांतील विजेत्या संघांसाठी असलेल्या कॉन्टिनेंटल कपच्या अंतिम फेरीत, इटलीच्या दक्षिण टायरॉल प्रांतातील रिटन या डोंगराळ गावी, पँथर्सने यजमान संघाला ४–१ असे हरवून करंडक जिंकला. युरोपीय पातळीवरील स्पर्धा जिंकणारा तो पहिला ब्रिटिश क्लब ठरला. या विजयामुळे २०१७–१८ च्या चॅम्पियन्स हॉकी लीगमध्ये त्यांना प्रवेश मिळाला, आणि स्वित्झर्लंडच्या बर्नसारख्या बलाढ्य संघाच्या गटातून ते शेवटच्या सोळा संघांत पोचले.

२८ ऑक्टोबर २०२३ रोजी शेफील्ड येथे स्टीलर्सविरुद्धच्या चॅलेंज कप सामन्यात पँथर्सचा अमेरिकन आघाडीवीर अॅडम जॉन्सन याच्या मानेला प्रतिस्पर्धी खेळाडूच्या स्केटचे पाते लागले आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. तो २९ वर्षांचा होता आणि पूर्वी पिट्सबर्ग पेंग्विन्स या नॅशनल हॉकी लीगमधील संघातून खेळला होता. पोलिसांच्या दीर्घ तपासानंतर एप्रिल २०२५ मध्ये सरकारी अभियोक्त्यांनी या प्रकरणी कोणावरही फौजदारी आरोप न ठेवण्याचा निर्णय जाहीर केला. क्लबने त्याचा ४७ हा क्रमांक कायमचा निवृत्त केला, म्हणजे तो क्रमांक पुढे कोणाही खेळाडूला दिला जात नाही. या मृत्यूचे पडसाद खेळाच्या नियमांवर उमटले. गळ्याभोवती बांधायचे, पात्याने सहजी न कापले जाणारे नेक गार्ड हे संरक्षक साधन फार पूर्वीपासून उपलब्ध होते, परंतु प्रौढ व्यावसायिक खेळाडू ते अडचणीचे मानून टाळत. एलिट लीगने जानेवारी २०२४ पासून ते सक्तीचे केले आणि आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघानेही आपल्या स्पर्धांसाठी तसाच नियम केला.

प्रशिक्षक डॅनी स्ट्युअर्ट यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने एप्रिल २०२५ मध्ये नॉटिंगहॅमच्याच सभागृहात प्लेऑफ जिंकला. २०१६ नंतरचा हा त्याचा पहिला प्लेऑफ विजय होता.